दाराशी अडलेलं दूध

मी इझमीरकडची. ऑलिव्हच्या झाडांखाली वाढलेली.
म्हणून सात आठवड्यांच्या पोराच्या पोटावर बोटं ठेवताना
मला नेमकं ठाऊक असतं काय शोधायचं:
उजवीकडे, बरगडीखाली,
एक घट्ट, निसटतं ऑलिव्ह.
जठराचं दार आवळून बसलेला स्नायू.
त्याला चीर दिली की दार उघडतं. अर्ध्या तासाचं काम.

बोतानच्या पोटात ऑलिव्ह नव्हतं.
उलटी मात्र तशीच, पार भिंतीपर्यंत.
"पितो आणि परत करतो," पेरिहान म्हणाली,
"जसं काही उसनं घेतलं होतं."

खिडकीबाहेर वानचं सरोवर, कडेकडेनं गोठलेलं.

पोट उघडलं.
यकृत नारिंगी. पिकल्या जर्दाळूसारखं म्हणू नये,
पण तसंच.
आणि दाराशी भिंतच जाड झालेली, आतून पिवळी,
जणू रोज थोडं थोडं
कुणी लोणी लिंपत गेलं होतं.
जिथून दूध जायचं, तिथे दूधच बसलं होतं.
मी सुरी खाली ठेवली.
एक तुकडा तपासायला घेतला,
एक नळी पुढे आतड्यात सोडली, पोट शिवलं.

मग एक्स-रे पुन्हा पाहिला,
आधीच नीट पाहायला हवा होता तो:
दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर
खडूच्या दोन टोप्या.

शेहमुसला समजावून सांगितलं.
स्निग्ध पचवायची एक कृती असते, पेशीपेशीत लिहिलेली.
तुझ्याकडे तिच्या दोन प्रती, एक कोरी.
पेरिहानकडेही तसंच.
बोतानच्या वाट्याला दोन्ही कोऱ्या आल्या.
"आमची आजी एकच," तो म्हणाला. "खेजाल.
तिच्या हातचं चीज अख्ख्या दरीत..."
आणि टोपी काढून नुसताच बसला.

औषध आहे. फाईल अंकाराला गेली आहे.
तोवर चरबी काढलेलं दूध, थेंब थेंब, नळीतून.
आईचं नको.
"माझं?" तिनं दोनदा विचारलं.

रात्री तीनला वॉर्डात गेले.
शेजारच्या खाटेवरची नूरजान, तिची आई तापात,
आणि पेरिहान तिला पाजत बसलेली,
दुसरा हात बोतानच्या पाळण्यात.
"ही आता त्याची दूधबहीण," ती कुजबुजली,
"यांचं लग्न कधी व्हायचं नाही. आमच्यात चालत नाही."
मी मान हलवली. आमच्यातही नाही.

बराच वेळ नूरजानच्या घोटांचा आवाज.

"आजीनं एकदा, एकदाच,
शेहमुसला पदराखाली घेतलं असतं, तर..."

बोतान जागा होता. तिच्याकडेच बघत होता.
तिनं वाक्य तिथेच सोडलं.

नर्सच्या वहीत, पहाटे पाच:
नळीतून सहा मिलिलिटर. उलटी नाही.