४१७/ब

चावी देताना नारखेडेबाईंनी
मीटर दाखवला, गळका नळ दाखवला,
मग मागच्या दारी नेऊन म्हणाल्या,
‘हे माझं नाही, रेल्वेचं आहे. तरी सांगते.’

आणि सांगत राहिल्या.
वांग्यांवर राख, मिरचीला सकाळचंच पाणी,
ओव्याच्या पानाला काही नको, ते निर्लज्ज आहे.
गिलक्याची मात्र रोज विचारपूस.
काय विचारायचं,
ते सांगितलं नाही.

भुसावळात नळ येतो आठवड्याने.
मी तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण,
पोराच्या आंघोळीचंसुद्धा
बादलीत धरायला शिकले.
तरी मे महिन्यात कोथिंबीर
उगवली तशी जळाली.
वेलावर मी साडी बांधली,
नणंदेने दिलेली, कधीच न आवडलेली.
तिथे ती बरी दिसली.

नारखेडेबाई फोन करतात
जळगावहून, मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरून.
तिथे एकच कुंडी. पाणी खाली ठिबकतं
म्हणून सून तीही आत घ्या म्हणते.
माझी खुशाली विचारत नाहीत.
‘शेंड्याला मुंग्या आहेत का व?’
‘आहेत.’
‘राहू दे. माझ्याही वेळी होत्या.’

मिरचीची झाडं मेली, ते मी सांगितलं नाही.
बाजारातल्या मिरच्यांचा ठेचा कुटून
गार्ड तडवींच्या हाती डबा पाठवला,
‘घरच्या आहेत’ म्हणून.
चौथ्या दिवशी डबा परत आला, घासून पुसून,
आत कागदाची पुडी,
पुडीत चिमूटभर मिरचीचं बी.
निरोप काही नव्हता.

ते रुजलं की नाही,
अजून कळायचं आहे.

पण आज पहाटे
मालगाडीने भिंत हलवली, भिंतीने वेल,
आणि पानाआड लपलेलं पहिलं गिलकं
मला दिसलं, वीतभर, कोवळं,
नखाने टोचलं तर पाणी सुटेल असं.

चिरायच्या आधी मी फोन लावला.
‘कळण्याची भाकरी केली का?’ ‘केली.’
‘मग फोन कढईजवळ धर.’

मी धरला.
तेल, मोहरी, ठेचलेला लसूण.
पलीकडे बाई गप्प. एवढ्या गप्प
की मला वाटलं रेंज गेली.
मग म्हणाल्या,
‘घाई केली व माय.
तेल तापलं नव्हतं.’