पुलाखालची डबी

हेब्डन ब्रिजच्या पुलाखाली
नदीची उंची मोजणारी डबी बसवायचीय.
आत चिप. मेमरी दोन केबी.

ओवेन म्हणतो, पायथन घे, जेवायच्या आत उरकेल.
पायथन म्हणजे ऐसपैस बसणारा पाहुणा,
इथे पाट मांडायला जागा नाही.
रस्ट पावलोपावली हटकते
(बरोबर असते म्हणा, तरी).

म्हातारा ऑक्रॉइड असेंब्लीत लिहायचा.
त्याची डबी वरच्या बंधाऱ्यावर अजून चालते,
वाचता मात्र कुणालाच येत नाही.

मग सीच.
मोजकं बोलते,
आणि चुकलं तर सांगतही नाही.

रात्री दीडला सेन्सर बोलला: एकशे बारा सेंटिमीटर.
का बोलला, कळलं नाही.
पेंगत कॉमेंट टाकली, मराठीत:
ही ओळ काढू नका,
काढली की पाणी दिसत नाही.

अंथरुणात पडल्यावर ऑक्रॉइड आठवला.