उसनं नाक

लोक शेजारी साखर मागायला जातात.
मी नाक मागायला गेले.
थिबोदोंच्या दारात उभी राहून म्हटलं,
"तुमच्या झोएलला तासभर पाठवाल का?
माझं तापात गेलं ते काही परत आलं नाही."

दोन हिवाळे झाले.
पॅकिंग शेडमध्ये सडकं सफरचंद मी
पेटी न उघडता ओळखायची.
फोरमन म्हणायचा, आधी ओडेटला विचारा.
या दरीत बागा दोनशे असतील, नाक एकच होतं.
आता मी पावत्या लिहिते,
आणि दूध नासलं का ते तारखेला विचारते.

झोएल नऊ वर्षांची. मोजे भिजवून आली,
स्टुलावर चढली,
"काय हुंगायचंय?"

थांब जरा, आधी फळं.
नॉर्दर्न स्पाय, वाऱ्याने पाडलेली,
एका गालावर खरचटलेली, म्हणून फुकट.
जाड फोडी, लिंबू, दालचिनी चमच्याने मोजून,
कारण अंदाजही नाकाबरोबरच गेला.
वर ओट्स, मैदा, ब्राउन शुगर, गारठलेलं लोणी.
बोटांनी चुरत राहायचं
ओहोटीनंतरच्या वाळूसारखं होईतो.
हे मला येतं. बोटांना ताप आला नव्हता.

ट्रे ओव्हनमध्ये गेला. मग साखर.

कोरड्या पातेल्यात साखर बराच वेळ
आपला काही संबंध नसल्यासारखी बसते.
मग कडेने पाझरते,
मग एकदम सगळी धावत सुटते.
करपण्याच्या अलीकडे एक क्षण असतो,
तो रंगावरून कळत नाही,
माझ्या पिवळ्या दिव्याखाली तर नाहीच.
नोव्हेंबर, पाचलाच अंधार.
तो क्षण नाकाचाच.

"सांग."
"पॉपकॉर्न."
"सांगत राहा."
"जत्रा... आता बाबांच्या कोटाचा खिसा."
"खिशात काय असतं?"
"माहीत नाही. पण छान असतं."
आणि तिने डोळे मिटले,
आणि मी पातेलं सोडून तिच्याकडे बघत बसले.

पहिली साखर मागच्या अंगणात गेली,
काळी, खडखडीत, छपराच्या तुकड्यासारखी.
"मला वाटलं, अजून छान होईल."
तिला काय बोलणार?
याच हिशेबावर मी दोनदा लग्न केलं.

"आता खिसा आला की ओरडायचं."
डोळ्यांत तेल घालून बसतात माणसं,
ही नाकात तेल घालून बसली.
पॉपकॉर्न.
जत्रा.
जत्रा, जत्रा, अजून जत्राच,
"खिसा!"

क्रीम ओतलं. पातेलं मांजरासारखं फिस्कारलं.
लोणी, मीठ, आणि लाकडी चमचा गोल गोल,
शेवटी चमच्यामागून संथ ओघळणारं ते,
तांब्याच्या जुन्या नाण्याच्या रंगाचं.

तिने खाल्लं जीभ भाजून घेत, फू फू करत.
मला काय मिळालं?
गोड. आंबट. खारट.
दातांत कुरकुर.
लांबच्या कुणी तीन शब्दांचं पत्र पाठवावं
आणि खाली सही करायला विसरावं, तसं.

वाटी चाटताना ती सहज म्हणाली,
"पण तुमच्या घराला आधी वेगळाच वास येतो.
दार उघडल्या उघडल्या."
"कसला?"
"फंडीचा."

फंडी मार्चमध्ये गेला.
त्याची घोंगडी मी जाळली, वाडगं देऊन टाकलं,
सोफ्यावरचे केस पट्टीला चिकटवून चिकटवून काढले.
"अजून येतो?"
"हो. पावसातून आलेल्या फंडीचा.
बुटांच्या कपाटाजवळ जास्त."

मी तिला आणखी वाढलं.
तिच्या आईसाठी डबा भरला, कॅरमेल वेगळं बाटलीत.
पुन्हा येऊ का, म्हणाली.
म्हटलं, ये, पण मोजे कोरडे घालून.

ती फाटकापर्यंत पोचली की नाही
हे मी नेहमी दारात उभी राहून बघते.
आज खिडकीतून पाहिलं.
दार लगेच लावून घेतलं होतं.