पोटखराबा

वैशाखात मोजला मी हा सडा.
तेव्हा तो तापल्या तव्यासारखा,
बुटाच्या तळातून चटका वर येत होता,
आणि सातबाऱ्यावर लिहिलं होतं तेच समोर दिसत होतं:
पोटखराबा, दोन हेक्टर चाळीस आर.
झाडे: निरंक.
खुंट्या ठोकून पाहिल्या. कातळ खुंटी घेत नाही.
मग चुन्याची फक्की टाकली,
बावीस चौकोन, बावीस घरकुलं, मधून रस्ता,
आणि जीपच्या सावलीत बसून कलिंगड खाल्लं.

भाद्रपदात परत बोलावलं. हरकत आली होती.
हरकतदार विश्राम घाडी, वय शहात्तर,
सहीच्या जागी अंगठा.
मी टेप काढला तर म्हणाला,
"सायबानू, बसा. उभ्यान काय दिसाचा नाय."

बसलो.
माझ्या सात नंबरच्या चौकोनात घोटाभर पाणी,
पाण्यात शेपट्या हलवणारे शंभर-दोनशे स्वल्पविराम,
काठाला सीतेची आसवं, जांभळी,
त्यांच्यामागे गेंद, मग कवल्याचा पिवळा पट्टा
थेट तेरा नंबरपर्यंत, रस्ता न विचारता.
एका दवबिंदूवर माशी चिकटलेली, अजून पाय हलवत होती.
फूटभर जागेत अकरा जाती मोजल्या,
पुढं मोजायला मला नावंच येईनात.

"हयसरचा पाणी खाली बांयत येता," विश्राम म्हणाला,
"तुमी वर शिमेट ओतलास तर आमी खाली काय पिवचा?"
मी लिहून घेतलं. रकाना नव्हता, समासात लिहिलं.

संध्याकाळी खाडीकाठी, रोशनी तांडेलकडे.
यादीत तिचं नाव चौथं.
चुलीशेजारच्या भिंतीवर पेन्सिलच्या खुणा,
डावीकडे मुलाची उंची, उजवीकडे उधाणाची.
"मागच्या वर्सापर्यंत झील पुढं होतो," ती म्हणाली.
भांडी तिनं आढ्याला टांगली होती,
गॅस सिलिंडर खाटेवर, पाहुण्यासारखा.
"फुलां माका पण आवडतत.
पण फुलां वर आणि आमी पाण्यात, ह्या कसा?"

चहा खारट होता. मी संपवला.

परतताना सड्याच्या पश्चिम टोकाला दगडी कंपाउंड लागतं.
आत अकरा बंगले, समुद्राकडे तोंड,
वर्षातून दहा दिवस उजेड.
तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती.
कुणी घेतली असती तर मी बसलो असतो का, माहीत नाही.
नकाशावर मोजणी करणाराची सही माझीच आहे.

ग्रामसभेत आवाज वाढले, खुर्च्या सरकल्या.
कुणी विश्रामला विचारलं, तुझ्या घरात पाणी येतं का?
तो म्हणाला, नाय. आणि खाली बसला.
मग मंगल मेस्त्री उठली, म्हणाली,
जुनी चिरेखाण आहे की, वरच्या पाणंदीला,
तिचं पोट तर आपण आधीच काढून खाल्लंय.
दुसऱ्या दिवशी खाण मोजली.
सपाट तळ, रस्ता पोचतो, एका कोपऱ्यात डबकं.
"डबक्यात कासवां हत," मागून एक पोरगा बोलला.
कुणी हसलं नाही.
डबकं सोडून चौदा घरं बसतात.
पंधरावं बसवायला तीनदा नकाशा फिरवला.

कचेरीत अव्वल कारकुनाला विचारलं,
पोटखराबा हा शब्द बदलता येईल का?
"बदलून काय लिहू?"
जिरायत नाही, बागायत नाही, गावठाण नाही.
यादी मी वरून खाली दोनदा वाचली.
हवा तो शब्द छापलेला नव्हता,
आणि माझ्याकडेही नव्हता, खरं सांगायचं तर.

चौदा घरांचा प्रस्ताव वर गेला आहे.
सात नंबरची फक्की पावसानं धुतली, तरी
तिरप्या उन्हात पांढरी रेघ अजून दिसते.
आठ नावं माझ्या खिशात आहेत.
चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा रोशनीची निघाली नाही.
बुधवारी पौर्णिमा.