डेझीचा गड्डा

ऑक्टोबर. बाला तळ्याकडून वारा.
ग्विलिमच्या बुटांत जास्तीचे मोजे घालून
डिलिस वाफ्यात उतरते.
तीन वर्षांत डेझीला मधोमध टक्कल पडलंय,
फुलं आली ती कडेकडेनंच.

पाव कापायच्या सुरीनं ती गड्डा चिरते.
मधलं लाकूड झालंय, ते खतात.
कडेचे कोंब ओल्या वर्तमानपत्रात:
एक पोस्टातल्या मेरेदला,
एक चॅपेलच्या भिंतीशी,
एक त्या बाईला, जिच्याशी
ग्विलिमच्या दफनापासून ती बोललेली नाही.

एकिनेशियाची वाळकी बोंडं मात्र छाटत नाही.
जानेवारीत पाखरं येतात म्हणायचा तो.
अजून एकही आलेलं नाही.

सुरी धुते, पुसते.
सकाळी त्याच सुरीनं पाव.
दाताखाली किंचित
कचकच.