सरासरी शून्य पूर्णांक सहा

आस्सेनच्या डेपोत, दुसऱ्या मजल्यावर,
एकतीस वर्षं मी बसची वेळापत्रकं आखली.
पट्टी, खोडरबर, टोक काढलेली पेन्सिल.
मेंढवाड्याचा थांबा माझाच:
घर नाही, दुकान नाही,
एक खांब, एक बाक, आणि मागे
नजर थकेल तिथवर हीदरचा माळ.
साहेब म्हणाले, इथे उतरणार कोण?
मी म्हटलं, उतरेल कोणीतरी,
आणि कुणाला न सांगता दोन मिनिटं जास्तीची धरली,
एखादी म्हातारी पायरी उतरेल, तेवढ्यासाठी.

आता ती दोन मिनिटं मीच खर्चतो.
दर गुरुवारी नऊ सतराची बस,
थर्मास, उकडलेली दोन अंडी, गुडघ्याला पट्टा.
रेदुआन ड्रायव्हर कुठे उतरणार विचारत नाही,
फक्त आरशात बघतो, मी उठलो की नाही.

आधी जंगल लागतं.
पाईन, पाईन, पाईन, सगळे रांगेत;
खाणींना टेकू हवे होते म्हणून लावलेले.
खाणी मिटल्या. झाडं अजून हजेरीला उभी,
सुटी झाल्याचं कुणी सांगितलंच नाही त्यांना.
खाली सुयांचा थर असा, की
आपलंच पाऊल आपल्याला ऐकू येत नाही,
आणि मी दर वेळी
एकदा तरी मुद्दाम खोकतो.

मग फाटक, लोखंडी, कुरकुरणारं,
आणि एकदम आभाळ.
ऑगस्टात हा माळ जांभळा होतो.
तेव्हा येऊ नये. तेव्हा सगळा प्रांत येतो, गाड्या घेऊन.
मी मार्चचा माणूस.
मार्चात माळ असतो चहाच्या चोथ्यासारखा,
वाऱ्याला अडवायला एखादं ज्युनिपर,
आणि वर कुठेतरी, न दिसणारा चंडोल
नळ नीट बंद न केल्यासारखा गात राहतो.

परवा वाटेवर साप होता.
हातभर, पाठीवर नागमोडी रेघ,
थंडीतून नुकता उठलेला, उन्हाला चिकटून.
काठीने सरकवला असता. नाही सरकवला.
त्याच्या उन्हाची वेळ मी कोण ठरवणार?
अकरा मिनिटं उभा राहिलो.
तीन चाळीसची बस गेली.
एक तास काढायचा होता; कागदावर
तासाला मी दोन सेंटिमीटर द्यायचो.

थांब्याजवळ हार्मत्ये वेसिंग बर्चची रोपं उपटत होती,
ती आणि तिची चार माणसं, सगळी साठीपुढची.
राहू दिली तर काय होईल, मी विचारलं.
"जंगल," ती म्हणाली. "दहा वर्षांत.
माळ आपसूक राहत नाही, बाबा.
मेंढरं लागतात, आणि कंबर धरलेली माणसं."
मला फावडं दिलं नाही.
हातानेच, म्हणाली, मुळाजवळ धर, लाजू नकोस.

खांबावर नवा कागद होता, प्लॅस्टिकमध्ये:
डिसेंबरपासून हा थांबा बंद.
दर फेरीला सरासरी प्रवासी, ०.६.
दोनदा वाचला. दशांशचिन्ह जागेवर होतं.
म्हणजे मला मोजलंय त्यांनी,
आणि मी पुरा एकही भरलो नाही.

बाकीचे मोटारींनी गेले.
हार्मत्ये माझ्या शेजारी बाकावर टेकली,
नखांत माती.
"खांब काढतील?"
"काढतील."
"खड्डा राहील."
"राहील."
"त्यात पहिला येणार तो बर्चच," ती म्हणाली,
आणि थर्मासमधला उरलेला चहा
न विचारता पिऊन टाकला.

बस आली. दार उघडलं.
तिची मोटार समोरच उभी होती, तरी
ती चढली माझ्यामागून, आणि कार्ड शोधू लागली,
या खिशात, त्या खिशात, मोज्यांच्या पिशवीत,
बराच वेळ.
रेदुआनने घड्याळ पाहिलं.
मी म्हटलं, असू दे,
दोन मिनिटं आहेत.