मंगळवार, सव्वाअकरा

घड्याळ मी पेशंटच्या पाठीमागे लावते.
वेळ फक्त मला दिसते.
हे शिकवलेलं असतं, आणि तरी दर वेळी
थोडं चोरल्यासारखं वाटतं.

एव्हारिस्तो आले तेव्हा गळ्याशी रुमाल होता,
रुमालाखाली भोक, भोकातून श्वास,
आणि काखेत नातवाची पाटी.
स्वरयंत्र काढून सात आठवडे झाले होते.
खडूनं लिहिलं,
"तुम्ही बोलण्याचे पैसे घेता म्हणे.
मला सूट मिळेल का?"

मी हसले. तेही हसले: नुसती हवा, फाटक्या शिट्टीसारखी.
मग चाळीस मिनिटं चकार शब्द नाही,
खडूचासुद्धा.
खाली वाल्पाराइसोच्या बंदरात
एक क्रेन कुणाचा तरी कंटेनर धरून
तशीच थांबली होती.

दुसऱ्या मंगळवारी त्यांनी एक उतार काढला,
उतारावर दोन डबे, मधे एकच दोर.
एकतीस वर्षं हेच चालवलं होतं त्यांनी,
टेकडीवर माणसं चढवायची, उतरवायची,
बटाट्याची पोती, दिवस भरलेल्या बाया,
एकदा एक पियानो.
लिहिलं, "वर जाणाऱ्याला मोटार ओढते
असं सगळ्यांना वाटतं.
खाली येणारा डबाच आपल्या वजनानं
त्याला वर नेतो. मोटार नावाला."
मग पाटी पुसली, पुन्हा लिहिली,
माझ्याकडे वळवली.
"मी इथून हलका होऊन जातो.
तुमचा डबा कुठं जातो?"

असल्या प्रश्नाला आम्ही प्रश्नानंच उत्तर देतो.
दिलं.
त्या रात्री ओट्यापाशी उभ्यानं जेवले,
बहिणीचा फोन वाजू दिला.

बाहेरच्या बाकावर सुनिल्दा बसायच्या,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
मला दारातच गाठून म्हणायच्या,
"ते खंबीर आहेत, त्यांना काही विचारू नका."
आत पाटीवर यायचं,
"ती खंबीर आहे, तिला काही सांगू नका."
एका घरात दोन खंबीर माणसं,
रात्रभर एकमेकांची खोटी झोप ऐकत.

पाचव्या मंगळवारी मी तिसरी खुर्ची मांडली.
सुनिल्दा बोलल्या ते सूपबद्दल,
किती गाळायचं, मीठ किती.
मग त्याच स्वरात, जणू पुढची कृती सांगावी तसं,
"हे किरणोपचाराला जातात ना,
तेव्हा मी बाजारातून आमच्याच घरी फोन करते.
घरी कुणी नसतं. यंत्रावर हे बोलतात,
आम्ही घरी नाही, निरोप ठेवा.
मी निरोप ठेवत नाही. परत लावते.
परवा चारदा लावला.
मासेवाला भाव सांगून ताटकळला होता."

एव्हारिस्तोंना आवंढा गिळता येईना.
गळ्याशी हात गेला, तिथून पाटीवर.
भरभर लिहिलं, खडू मोडला,
उरलेल्या तुकड्यानं लिहिलं,
आणि कुणी वाचायच्या आत
फडकं उचललं.

अकरा वर्षांचं शिक्षण, प्रमाणपत्रं, चर्चासत्रं.
त्यातलं काहीच आठवलं नाही.
मी उठले आणि त्यांच्या हातातून
फडकं काढून घेतलं.
"राहू दे," म्हटलं. "त्यांना वाचू दे."

काय लिहिलं होतं, मी पाहिलं नाही.
खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.
मागे पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला,
मग बराच वेळ कसलाच नाही.
घड्याळात बारा वाजून गेले होते.
पुढची पेशंट बाहेर खोकत होती.
मी वळले नाही.

तपासणीचा अहवाल महिन्याअखेर येईल.
चांगलाच येईल, असं मी कुणाला म्हणत नाही.
ते माझ्या हातात नाही.

संध्याकाळी वाट वाकडी करून
त्यांच्या टेकडीचा डबा पकडला.
मध्यावर, जिथं वरचा आणि खालचा
क्षणभर शेजारी येतात,
समोरच्या काचेतून एका शाळकरी पोरानं
मला जीभ काढून वेडावलं.
मीही काढली.

वर पोचून बहिणीला फोन लावला.
घंटी वाजत असताना दुसरा हात खिशात गेला:
फडकं माझ्याकडेच राहिलं होतं,
बोटं पांढरी झाली.